तिसऱ्या कडव्यातली टाळी

आमच्या लाडक्या बॅण्डच्या पहिल्या गाण्यात तिसरं कडवं संपता संपता एक टाळी चुकते. चुकते म्हणजे चांगली आठ मात्रा भरकटते. बाकीच्या टाळ्या शहाण्यासारख्या एका रांगेत चाललेल्या असतात, आणि मध्येच हातांची एक जोडी दुप्पट वेगाने सुटते, मागे कुत्रं लागल्यासारखी. धार, देवास, सरदारपूर, हाटपिपल्या अशी माळव्यातली इकडची तिकडची मिळून आम्ही चाळीसेक माणसं या गाण्याचे भक्त आहोत, आणि आम्हाला त्यात सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ती आठ मात्रांची धांदल. दर वर्षी आम्ही गाण्याचा वाढदिवस करतो. पहिली दोन कडवी सगळे हाताची घडी घालून ऐकतात. तिसऱ्याला हात सुटतात, आणि ती जागा आली की अख्खा हॉल तडतडतो. त्यानंतरच खायला मिळतं.

ती टाळी माझी आहे. ही गोष्ट मी पंचवीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती. ज्या मैत्रिणीला सांगायला हवी होती तिला तर नाहीच नाही, कारण माझ्या चुकीची बोलणी तिने खाल्ली होती.

मी देवासला एका शाळेत गणित शिकवते. दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पोरं मला टरकून असतात आणि मला ते आवडतं, उगीच खोटं कशाला बोला. अशा बाईच्या मनात स्वतःची एक चूक इतकी वर्षं दडपून ठेवलेली असली की ती किती बोचते, ते तिलाच ठाऊक.

आम्ही तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. बॅण्ड इंदूरचा, इंजिनियरिंगची चार मुलं. त्यांतला ड्रम वाजवणारा देवासचा, आमच्याच गल्लीतला. गाणं हिंदीत, धृपद माळवीत, आणि विषय एवढाच की एका मुलाची बस चुकते आणि त्याला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. कॅसेट काढायची ठरली तेव्हा त्यांच्याजवळ गाणं एकच होतं, म्हणून कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तेच. गाण्याच्या शेवटच्या भागात टाळ्या हव्या होत्या. मुलांच्या टाळ्या कपडे धोपटल्यासारख्या येतात असं म्हणून ड्रमवाल्याने गल्लीतल्या आम्हा पाच मुलींना गोळा केलं आणि बसने इंदूरला नेलं.

माझी मैत्रीण त्या पाचांत होती. तिचा गळा फार गोड. नुसता गोड नाही, तयार. बसमध्ये ड्रमवाल्याने तिला कबूल केलं की पुढच्या गाण्यात दोन ओळी तुला देणार. ती इंदूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघून हसत होती. मला इतका आनंद झाला होता की आम्ही दोघींनी एकाच पुडीतले शेंगदाणे खाल्ले आणि भांडलो नाही.

आता घोटाळा कसा झाला ते सांगते. गणपती उठून चारच दिवस झाले होते. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ आरत्या म्हणून घसे बसलेले. आमच्या घरांत आरत्या कशा होतात ते मराठी माणसाला सांगायला नको. सगळ्या आरत्या एका लयीत होतात, आणि मग शेवटची प्रार्थना सुरू झाली की टाळ्या दुप्पट होतात आणि माणसं जागच्या जागी गोल फिरतात. हे कोणी शिकवत नाही, हात आपणहून करतात. त्या गाण्यातही तिसऱ्या कडव्याच्या शेवटी चाल अशीच एकदम वळते. माझ्या हातांना वाटलं, आली प्रार्थना. डोळे मिटून मी दुप्पट वाजवत सुटले. गोल फिरले नाही, एवढंच नशीब.

स्टुडिओ तासावर घेतलेला होता. पुढचे भजनवाले पेट्या-तबले घेऊन दारात उभे होते, त्यामुळे पुन्हा वाजवायची सोय नव्हती. सगळे आवाज एकत्रच टेपवर गेले होते, तेव्हा तेवढी टाळी वेगळी काढताही येईना. ड्रमवाला काचेच्या खोलीतून बाहेर आला तो तांबडालाल होऊन. माइकच्या सगळ्यात जवळ माझी मैत्रीण उभी होती. तो तिलाच म्हणाला, "तूच ना? गाणारी मुलगी तू, आणि ताल एवढा कच्चा?"

मैत्रिणीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तीही त्याच गल्लीतल्या गणपतीची, तिचेही हात तसलेच. तिला खरोखर वाटलं की आपणच चुकलो. "माझ्याकडून झालं असेल," ती म्हणाली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. दोन सेकंदांचं काम होतं. ते मी केलं नाही, कारण तो रागावलेला होता आणि मला रागावलेली माणसं सहन होत नव्हती. त्या दोन ओळी तिला मिळाल्या नाहीत. त्याने तिला पुन्हा कधी बोलावलंच नाही.

मला वाटलं होतं, कॅसेट लोक विसरतील आणि हेही विसरलं जाईल. कुठलं काय. मैत्रिणीचं लग्न होऊन ती धारला गेली. पहिल्याच नवरात्रात तिथल्या मंडपात कोणीतरी आमची कॅसेट लावली, आणि गरब्याची फेरी जिथे उलटी वळते नेमकी तिथेच माझी धांदल आली. पोरांना ती इतकी आवडली की ती जागा यायची वाट बघत सगळे नाचू लागले. ही नवी नवरी कडेला उभी. तिने जावेच्या कानात सांगितलं, "ही टाळी माझी चुकलेली आहे बरं का." जावेने ते अर्ध्या धारला सांगितलं. आठवड्याभरात भाजीवालीसुद्धा हिला विचारू लागली.

तिथून हे सगळं वाढलं. बॅण्ड मुंबईला गेला, त्याने आणखी बरी गाणी केली, मग चौघे आपापल्या वाटेने गेले. आमची माणसं मात्र पहिल्या गाण्यापाशीच बसून राहिली. मोबाइल आल्यावर मैत्रिणीने ग्रुप काढला. ती त्यावर मराठीत मोठमोठे निरोप लिहिते आणि तरुण मंडळी विनवतात, "काकू, बोलून पाठवा ना, वाचायला टाइम लागतो." हाटपिपल्याचे एक औषधांच्या दुकानवाले भिया आहेत (इकडे भाऊला भियाच म्हणतात), मराठीचा एक शब्द त्यांना येत नाही, पण ते एकही वाढदिवस चुकवत नाहीत. तिला ते 'तालीवाली जीजी' म्हणतात आणि येता-जाता पाया पडतात. वाढदिवस तारखेने करायचा की तिथीने यावर दर वर्षी देवास आणि धार यांच्यात जुंपते. देवासकर तारखेचे, धारकर तिथीचे. आम्हा देवासकरांना संस्थानाच्या काळापासून थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन गाद्यांची सवय, म्हणून आम्ही एकदा दोन्ही दिवशी करून टाकला. दोन्ही वेळा गर्दी झाली.

आणि दर वर्षी ती हसत हसत तीच गोष्ट सांगते. गणपती, आरत्या, दारातले भजनवाले, आणि मग, "मी गधडी, वाजवली ना दुप्पट!" लोक पोट धरून हसतात. मी तिच्या शेजारी बसून हसते. आधी बोलले असते तर दोष माझ्याकडे आला असता, म्हणून गप्प बसले. आता बोलले तर तिचा मान ओढून घेतल्यासारखं होणार. दोन्हीकडून माझीच पंचाईत, आणि ती मी स्वतःच्या हाताने केलेली.

यंदा पंचविसावा. धारकरांनी ठरवलं की टाळीवालीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, आणि तिच्याबद्दल बोलायचं कोणी, तर बालमैत्रीण आणि प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून मी. साक्षीदार! तो शब्द वाचून मी मोबाइल उलटा ठेवला. आदल्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की सत्काराच्या आधी तिला सगळं सांगून टाकायचं. मग ती जे म्हणेल ते. मैत्री तुटली तर तुटली, असं म्हणायला सोपं असतं. खरं सांगायचं तर त्या विचाराने मी रात्री दोनदा भरलेली बॅग सोडली आणि पुन्हा भरली. असली मैत्रीण मला दुसरी नाही.

सकाळच्या बसने निघाले. इंदूरला बस बदलली. धारपर्यंतच्या रस्त्यात मी कबुलीची सात वाक्यं तयार केली आणि सातही खोडली. पोचले तेव्हा हॉलमध्ये झालर लावणं चालू होतं. टेबलावर कॅसेटच्या आकाराची भलीमोठी बर्फी होती, आणि तिच्यातली दोन चक्रं म्हणून दोन चकल्या बसवल्या होत्या. ते बघून मला हसू फुटलं. अशा वेळीही फुटलं, काय करणार, चकल्या अगदी हुबेहूब होत्या.

मैत्रीण मागे स्वयंपाकघरात होती. मक्याचा कीस परतत होती, मोठ्या कढईत, एकटीच. मला बघून एरवी ती ओरडते तशी ओरडली नाही. तोंड उतरलेलं होतं.

"आलीस? हे ऐक आधी," ती म्हणाली. "सकाळी आलंय."

मोबाइलवर ड्रमवाल्याचा आवाज होता. आता तो मुंबईला असतो आणि फार शुद्ध बोलतो. "अगं, पंचविसाव्याची तुला भेट. मूळ टेप सापडली. कॉम्प्युटरवर घेऊन सगळी स्वच्छ केली, हल्ली त्यात एकेक आवाज सुटा करता येतो. आणि तुझी ती टाळी बरं का, ती पण दुरुस्त करून टाकली. आता तुला कोणी चिडवणार नाही." बिचाऱ्याने चांगल्या मनाने केलं होतं. तिने गाणं लावलं. आवाज खरंच काचेसारखा स्वच्छ. तिसरं कडवं आलं, चाल वळली, आणि टाळ्या शाळेतल्या कवायतीसारख्या सरळ निघून गेल्या. पाचही मुली एकदम गुणी झालेल्या.

"म्हणजे त्याच्यासाठी ती अजून गलतीच आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं, इतके साल झाले, लोकांना इतकी पसंत आहे, तर त्यालाही आवडत असेल. त्याने तर झाडू मारून साफच करून दिली ना. मला काढूनच टाकलं यार गाण्यातून."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझी सात वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी म्हटलं, "तुला नाही काढलं. मला काढलं. ती टाळी माझी होती."

तिच्या हातातला झारा थांबला.

"काय बोलतेस?"

"माझी होती. मी डोळे मिटून वाजवली. तू सरळच वाजवत होतीस, मी शेजारी होते, मला ऐकू येत होतं. तो तुला बोलला तेव्हा मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले."

"तिथेच माहीत होतं? तो मला बोलत होता तेव्हा?"

"हो."

कढईतून करपल्याचा वास येऊ लागला. "कीस लागतोय खाली," मी म्हटलं.

"लागू दे." ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी त्याच्यानंतर सालभर घड्याळासमोर बसून टाळ्या वाजवायची, पता आहे तुला? टिकटिकीबरोबर. सरळच यायच्या. मी म्हणायची, इथे तर येतात, मग तिथेच का नाही आल्या? मग कोणासमोर गायलेच नाही मी. वाटायचं, पुन्हा कुठेतरी हात सुटेल."

मला हे माहीत नव्हतं. तिने मला कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी तोंड उघडलं असतं की नाही कोण जाणे. मी रडले. तिने गॅस बंद केला, पदराने हात पुसले आणि हॉलमध्ये निघून गेली.

मी मागे गेले, कारण दुसरं काय करणार. हॉल भरला होता. अमझेऱ्याहून, सरदारपूरहून माणसं आली होती, पोरंबाळं घेऊन. मैत्रीण माइकपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आज नवी कॉपी ऐकायची. मुंबईहून आली आहे, एकदम साफ." एवढंच. तिने मोबाइल स्पीकरला जोडला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. चाळीस माणसांसमोर ती जागा रिकामी जाणार होती.

पहिलं कडवं, दुसरं कडवं. सगळ्यांच्या हाताची घडी. तिसऱ्याला हात सुटले. चाल वळली, आणि अख्खा हॉल नेहमीसारखा तडतडला, ऐंशी हात दुप्पट वेगाने, शिट्ट्या, पोरांच्या उड्या, एक आजीबाई तर चक्क जागच्या जागी गोल फिरल्या. त्या गोंधळाखाली टेपवरच्या त्या पाच गुणी मुली कुठे गेल्या ते कोणाला कळलंसुद्धा नाही. गाणं संपलं. हाटपिपल्याचे भिया घाम पुसत पुढे आले आणि मैत्रिणीला म्हणाले, "जीजी, मजा आ गई! आज तो आपकी ताली एकदम क्लियर आई!"

मैत्रिणीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ती अशी काही हसत सुटली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मलाही आवरेना. आम्ही दोघी एवढं का हसतोय ते कोणाला कळेना, म्हणून तेही हसायला लागले.

मग सत्कारासाठी माझं नाव पुकारलं. मी शाल घेऊन पुढे गेले तर तिने शालीच्या आडून माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, दुखलं.

"ऐक," ती हळूच म्हणाली. "माइकवर काही बकायचं नाही. चूक तुझी होती, ठीक. बोलणी मी खाल्ली, आणि पंचवीस वर्षं मी सांभाळली तिला. हे सगळे लोक तिच्यामुळे माझे आहेत. आता ती माझी आहे. मी परत नाही देणार, तू मागायची नाहीस."

"नाही मागत," मी म्हटलं. "पण तू रागावली आहेस."

"खूप. पण आज टाइम नाही आहे मला. उद्या फोन करून भांडते."

माइकसमोर उभी राहिले तेव्हा पाठ केलेलं काहीच आठवत नव्हतं. मी म्हटलं, ही टाळी हिची आहे. आमच्यापैकी दुसऱ्या कोणाची असती तर तिने ती लाजून लपवून ठेवली असती आणि आज आपण कोणी इथे नसतो. हिने ती सगळ्यांना वाटली. यातला एक शब्दही खोटा नव्हता. तिच्या खांद्यावर शाल घालताना मला माझ्याच चुकीचा थोडा हेवा वाटला, तेही लिहून टाकते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्थातच दुप्पट. करपलेला कीस शेव पेरून सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघायच्या बेतात होते तेव्हा तिचा फोन आला. ती खरंच भांडली. स्टुडिओपासून सुरुवात केली आणि एकेक वर्ष घेत खाली आली. मी भित्री आहे, मतलबी आहे, पोरांना डोळे वटारते आणि स्वतःचं एक वाक्य निघत नाही तोंडातून, सगळं म्हणाली. सगळं खरं होतं. मी पायात एक चप्पल घालून दारात उभी होते, पहिला तास बुडत होता, आणि मला कितीतरी वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. मी हसत होते. ते तिला कळू नये म्हणून मधूनमधून म्हणत होते, "हो गं. चुकलं माझं. माझंच चुकलं."